एका टेसनावर एक कपडा

आमच्या मामाजीले, म्हणजे माझ्या सासऱ्याले, एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. मासोळीचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, थंड्या पाण्यातून आणून एकदम तलावात सोडलं का मरते. बीजाची पिशवी आधी बंदच्या बंद तलावावर तरंगत ठेवा लागते. आतलं पाणी अन् भाईरचं पाणी सारखं झालं, का मंग पिशवीचं तोंड सोडायचं. आम्ही ढिवर लोक, वैनगंगेच्या काठचे, आष्टीच्या अलीकडे आमचं गाव. मनसारामच्या, म्हणजे मामाजीच्या, हातचं बीज मरत नाई असं आजूबाजूच्या गावात म्हणतात. म्हणोत बापा. पण माझी पोरगी काय मासोळी होती?

आम्ही राहत होतो तिकडे हिमाचलात, बर्फाच्या घाटाच्या पलीकडे. माझा नवरा तिथी रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवते. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण त्या दिवशी मी ते अख्ख्या डब्यासमोर घेतलं, मंग आता काय लाजायचं. हेमराज. पोरगी तिकडेच झाली, ऐन बर्फात. मे महिन्यात गावी माझ्या नणंदेचं, चंचलचं, लग्न निंगालं अन् आम्ही चार महिन्याच्या पोरीले घेऊन निंगालो. बारसं बी गावीच करू म्हटलं, म्हणून तिचं नाव ठेवलं नव्हतं.

पण त्याच्या आधीचं सांगा लागन. आमचा पहिला पोरगा. त्याले घेऊन आम्ही असेच वर गेलो होतो, दिवाळी झाल्याबरोबर. इथी लेकरं उघडी खेळत होती अन् तिथी पाण्याच्या नळाले बर्फ. थोड्याच दिवसात त्याची छाती भरली, घाट बंद झाला होता, पोरगं हातातून गेलं. डॉक्टरनं न्युमोनिया म्हटलं. मामाजीनं दुसरंच म्हटलं. "एकदम सोडलं," म्हणे. "तिनं बीज एकदम सोडलं."

त्यानंतर ते माझ्यासंग बोलले नाई. मी समोर उभी असली तरी हेमराजले म्हणत, "तिले सांग, पाणी दे." मी तिथीच गिलास हातात घेऊन उभी. राग येत नसन का माणसाले? येत होता, भल्ला येत होता. पण एकटी असली का मले बी वाटे, एकदमच तं नेलं ना वं आपण त्याले. मंग तो राग कुठी ठेवा?

म्हणून यावेळी काय न्यायचं, काय घालायचं, कधी काढायचं, सगळं मामाजीनं फोनवर ठरवलं. मी बाजूले बसून आयकत होती.

"तिले सांग, पोरीचे कपडे एकदम काढाचे नाई. एका टेसनावर एक कपडा. दिल्लीले वरची शाल. झाशीले टोपी. भोपाळले हातमोजे. मोठं स्वेटर चंद्रपूरले. आतलं लोकरीचं झबलं अन् पायमोजे घरी आल्यावर, सावलीत, आजीच्या मांडीवर."

माझी सासू ताराबाई मागून म्हणे, "अन् सुती कपडे नोको आणू म्हणा. मी लुगड्याचे मऊ झबले शिवून ठेवले."

झालं. आमच्या थैलीत पोरीचा एक सुती कपडा नव्हता. सगळी लोकर. घरमालकिणीनं विणलेली, शेजारणीनं दिलेली, जड, मेंढराच्या वासाची. मीच माझ्या हातानं दाबून दाबून भरली.

दिल्लीले शाल काढली. झाशीले टोपी काढली तं केस ओलेचिंब. पण रात्रीची हवा होती, पोरगी झोपली, भोपाळले हातमोजे काढले तेव्हा हसली बी. मले वाटलं, बुढा खरंच शहाणा आहे. नागपूर सोडलं अन् ऊन डब्यात घुसलं. खिडकीच्या गजाले हात लागला तं पोळला. हिंगणघाट जाईपर्यंत पोरगी किरकिर करून राह्यली होती, अन् मी ओढणीआड स्वेटरची वरची दोन बटनं सोडली. हेमराजनं पाह्यलं अन् लावून टाकली.

"चंद्रपूरले," तो म्हणे.

"चंद्रपूर लांब आहे अजून."

"लांब असू दे. मांगच्या वेळेस घाई केली आपण."

त्यानं 'आपण' म्हटलं, 'तू' नाई म्हटलं, तेवढं त्याचं चांगलं. पण मांगच्या वेळेचं नाव निंगालं का माझं तोंड बंद होत होतं.

समोरच्या बाकावर शकुबाई बसली होती. बल्लारपूरची, मालक कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले, लेकीकडून वापस चालली होती. तिच्याजवळ छागल होती, जाड कापडाची पाण्याची थैली, पहिले ट्रकवाले गाडीले लटकवत ते. ती कधीची पोरीकडे पाहत होती.

"काऊन वं बाई," ती म्हणे, "लेकरू आहे का आंबे पिकाले घातले?"

आजूबाजूचे हसले. हेमराज म्हणे, "सर्दगर्म होते बाई. आमी थंड्या मुलुखातून येऊन राह्यलो."

"थंडा मुलुख राह्यला तिकडे. हा चंद्रपूरचा मे आहे."

"आमचे बाबा सांगतात ते आयकतो आमी," हेमराज म्हणे, अन् तोंड फिरवलं. शकुबाईनं बी मंग पदर डोक्यावर घेतला.

वरोरा सुटलं अन् गाडी उभी राह्यली. पुढे कोळशाच्या मालगाड्या होत्या, एक गेली, दुसरी गेली, आमची हालेचना. दोन्ही बाजूले नांगरलेली काळी शेतं, झाडाचं नाव नाई. गाडी चालू असली का गरम तं गरम, हवा तरी लागते. उभ्या गाडीत पत्र्याखाली आम्ही भाजून राह्यलो होतो. नळ कोरडे पडले. बाटलीतलं पाणी चहासारखं झालं.

पोरगी आधी भल्ली रडली. तोंड लालभडक. मी वारा घालून राह्यली, हेमराज वारा घालून राह्यला. मंग रडणं बारीक झालं. मंग बंदच झालं.

"झोपली," हेमराज म्हणे.

मी तिले छातीशी धरलं. ओठाले लावलं, तिनं तोंड उघडलं नाई. गालाले बोट लावलं का लेकरू तोंड वळवते ना, तिनं वळवलं नाई. सकाळपासून घामानं भिजत होती, आता अंग कोरडं, तव्यासारखं. खालचा कपडा चाचपला, तो बी कोरडा. कधी मुतली होती ही? मले आठवेना. डोक्यावरून हात फिरवला अन् टाळूवर बोट आत गेलं. खड्डा पडला होता तिथी.

"झोपली नाई वं ती," शकुबाई म्हणे. आता तिच्या आवाजात मस्करी नव्हती.

मी हेमराजले म्हटलं, "अवो, मी काढते हे सगळं."

"थांब. बाबाले विचारतो." त्यानं फोन लावला. लागेना. उभा राहून लावला, दरवाज्यात जाऊन लावला, हात उंच करून लावला. रेंज नव्हती. वापस आला तं त्याचे डोळे पाह्यले मी. भेव भरलं होतं त्यात. म्हणे, "चंद्रपूर येईपर्यंत थांब. एकदम काढलं अन् काही झालं तं? पुन्हा तेच झालं तं?"

खोटं काऊन सांगू, मले बी तेच वाटत होतं. काढलं अन् मेली तं मी मारली. नाई काढलं अन् मेली तं बी मीच मारली. मांडीवर लेकरू विझून राह्यलं अन् माझे हात बटनावर जाऊन वापस येत होते. देवा, मी मनात म्हटलं, एक नेलं ना तू. माझ्या मांडीवरून किती नेशीन?

तेवढ्यात शकुबाईनं छागलीतलं घोटभर पाणी हातावर घेतलं अन् छागलीच्या भाईरून शिंपडलं. खिडकीच्या गजाले लटकवली. मले म्हणे, "भाईरून ओली असली का आत थंडं राह्यते. घे, तिच्या ओठाले लाव."

मी त्या ओल्या कापडाकडे पाहतच राह्यली.

माझं माहेर बी ढिवराचंच. माझा भाऊ लटारू टेम्पोत बीज आणे, अन् लहानपणी मी मागे बसे, बीजाच्या पिशव्यासोबत. माझं एकच काम होतं. पिशव्यावर गोणपाटाची पोती टाकलेली असत, त्यावर पाणी मारत राहायचं. पोतं वाळलं का भाऊ समोरून ओरडे, "भाग्यश्री, पोतं वाळलं, बीज मरन." पूर्ण रस्ता ओलं पोतं. तलाव आला, का मंग पोतं काढायचं, मंग पिशवी पाण्यावर ठेवायची, मंग हळूहळू. हळूहळूचं काम तलावावरचं होतं. रस्त्यावरचं काम ओल्या पोत्याचं होतं. अन् आम्ही तं रस्त्यातच होतो.

"हेमराज," मी ओरडली. डब्यातले सगळे वळले. "बीज रस्त्यानं कसं आणता तुमी? स्वेटर घालून आणता का?"

त्याचा फोन धरलेला हात खाली आला.

"सांगा ना. ढिवराचे आहा ना? उन्हातून पिशवी आणाची असली तं वरून काय टाकता?"

"पोतं," तो म्हणे.

"कसं पोतं?"

"ओलं."

मी स्वेटरची बटनं तोडलीच. त्यानं माझं मनगट धरलं, सवयीनं धरलं, अन् मी त्याच्याकडे असं पाह्यलं का त्यानं सोडलं. स्वेटर काढलं, लोकरीचं झबलं काढलं, पायमोजे काढले. आतून पोरीचं अंग निंगालं ते सोललेल्या झिंग्यासारखं, लाल अन् एवढुसं. माझी सुती ओढणी मी छागलीखाली धरली. शकुबाईनं छागल पूर्ण उलटी केली, स्वतःसाठी घोट ठेवला नाई. ओल्या ओढणीत पोरीले गुंडाळलं, डोकं, कान, सगळं. तळपाय मोकळे ठेवले अन् शकुबाई आपल्या पदरानं त्याले वारा घालून राह्यली.

पण ते ऊन कसं होतं सांगू. ओलं केलं का वाळे. ओढणी पाहता पाहता कडक होऊन गेली. डब्यातल्या लोकाईनं आपापल्या बाटल्या पुढे केल्या, कोणाची घोटभर, कोणाची तेवढी बी नाई. नुसती हसत होती मघाशी, तीच माणसं. तेही पाणी संपलं.

"पाणी आणा," मी हेमराजले म्हटलं. "कुठूनबी आणा."

दूर रुळाच्या बाजूले रेल्वेच्या मजुराईची एक खोपडी दिसत होती. हेमराजनं आमचा भाजीचा स्टीलचा डबा घेतला, खाली उडी मारली अन् गिट्टीवरून पळत सुटला. मी खिडकीतून पाहत होती. तो गेला खोपडीत, अन् इकडे गाडीनं शिट्टी मारली. धक्का बसला. गाडी हालली. चाकं फिरून राह्यली अन् माझा नवरा डबा दोन्ही हातानं धरून, पाणी सांडू नये म्हणून धड पळत बी नाई, असा येऊन राह्यला. खोपडी मागे गेली, तो मागे गेला, दिसेनासा झाला.

मी ओरडली नाई. ओरडायले तोंडात ओल नव्हती. मी पोरीच्या कपाळाले आपली जीभ लावत होती, गाय लावते तशी. तिचे डोळे अर्धे उघडे होते अन् माझ्याकडे नव्हते. शकुबाई काहीतरी पुटपुटत होती, माताबाईचं नाव घेत होती बहुतेक.

कितीतरी वेळानं मागच्या डब्यातून लोक बाजूले सरकताना दिसले. "सरका जी, सरका जी," हेमराजचा आवाज. शेवटच्या डब्यात चढला होता तो, गार्डच्या समोरून. गुडघा फुटला होता, पायजमा रक्तानं भरला होता, अन् हातातल्या स्टीलच्या डब्यात अर्धं पाणी होतं. मडक्यातलं, थंडं. त्यानं आपला शर्ट काढला, त्या पाण्यात बुडवला, अन् स्वतः पोरीच्या अंगावर टाकला. चंद्रपूर येईपर्यंत तो शर्ट बुडवत होता, टाकत होता, बुडवत होता.

चंद्रपूर जवळ आलं तसा त्याच्या फोनले जीव आला. बाबाचे फोनावर फोन येऊन गेले होते. मामाजी आमाले घ्यायले सकाळपासून बल्लारपूरच्या टेसनावर येऊन बसले होते. हेमराजनं फोन लावला.

"बाबा, आमी चंद्रपूरलेच उतरतो. दवाखान्यात नेतो. पोरीले ऊन लागलं."

पलीकडून एकच आयकू आलं, "कपडे?"

हेमराजनं माझ्याकडे पाह्यलं. "काढले. सगळे. एकदम."

फोन बंद झाला. मले जे समजायचं ते समजलं. आता ही बी गेली तं माझ्यासाठी त्या घराचा दरवाजा उघडणार नाई. उघडला तरी मी कोणत्या तोंडानं आत जाईन?

सरकारी दवाखान्यात खाटा भरलेल्या. उन्हानं आणलेली माणसं, म्हातारी, लेकरं, व्हरांड्यात बी सलाईनी लटकलेल्या. एका नर्सनं पोरीले पाह्यलं अन् धावलीच. हातावर शीर सापडेना, पायावर सलाईन लावली. मले म्हणे, "ओलं कापड तू केलं?" मी मान हालवली. ती बरं म्हणे ना वाईट म्हणे. "सलाईन चालू आहे. लघवी झाली का मले सांगायचं. दिवे लागेपर्यंत नाई झाली तं नागपूरले न्या लागन, अन् रस्ता तुमी पाह्यलाच आहे."

खाट नव्हती म्हणून पोरीले मांडीवर घेऊन आम्ही भिंतीले टेकून फरशीवर बसलो. घडीघडी खालचा कपडा चाचपे मी. कोरडा. हेमराज विचारे, "झाली?" मी म्हणे, "नाई." पुन्हा तो विचारे. शेवटी मी म्हटलं, पुन्हा विचारलं तं मी इथून उठून जाईन, तं तो भिंतीकडे तोंड करून बसला अन् त्याची पाठ हालून राह्यली होती.

ऊन कलल्यावर मामाजी आले. कोणाच्यातरी फटफटीवर बसून बल्लारपूरहून आले होते. डोळे लाल, धोतर धुळीनं भरलं होतं, अन् काखेत घडी केलेलं गोणपाटाचं पोतं. त्यातून पाणी ठिबकत होतं. व्हरांड्यापासून आमच्यापर्यंत फरशीवर ओली रेघ.

नर्स म्हणे, "बाबा, हे पोतं कायले आणलं आत?"

त्याइनं पोतं काखेत आणखी दाबून धरलं. मी त्या पोत्याकडे पाह्यलं अन् मले सगळं कळलं. उन्हात त्या टेसनावर बसून त्याइले बी आठवलं होतं रस्त्यावरचं काम. दुपारभर फोन लावत होते ते याच्यासाठीच. मले राग यायले पाह्यजे होता. आला नाई, ताकदच नव्हती. ते माझ्या बाजूले बसले, पोतं खाली अंथरून त्यावर, अन् हात पुढे केले. हेमराजले 'तिले सांग' म्हटलं नाई. नुसते हात. मी पोरगी दिली.

बीजाची पिशवी धरते तसं धरलं त्या माणसानं तिले, दोन्ही तळव्यावर, जराही न हालवता. अन् पाहत राह्यले. नर्सनं मले मीठ-साखरेचं पाणी प्यायले लावलं. मी पिऊन राह्यली अन् खिडकीकडे पाहत होती. भाईर ऊन पिवळं झालं होतं. दिवे आता लागतीनच, मी म्हटलं. नागपूरचा रस्ता, पुन्हा तोच रस्ता.

मामाजीनं पोरीले जरा खाली घेतलं, मांडीवर. मंग एकदम ताठ बसले. धोतराकडे पाह्यलं. खालच्या पोत्यानं धोतर आधीच ओलं होतं, म्हणून त्याइनं हात लावून पाह्यला. पुन्हा लावला.

"पोतं थंडं आहे," ते म्हणे. "हे गरम आहे."

त्याइचा आवाज फुटला होता.

"पोरी," ते म्हणे, "पोरी, मुतली वं ही."

कोणाले म्हणून राह्यले म्हणून मी मागे वळून पाह्यलं. मागे भिंत होती. मंग मी ओढणी डोक्यावर घ्यायले गळ्याकडे हात नेला तं ओढणी नव्हती, ती पोरीच्या अंगावर होती. मी तशीच उघड्या तोंडानं रडली, अन् नर्सले बोलवायले हेमराज लंगडत धावला.